ऊट आयता?

जे. पी. नगर, बेंगळुरू
८ जानेवारी २०२४

ती. दादास,
कस्तुरीचा नमस्कार.

परवा फोनवर मी इतकं बोलले आणि शेवटी तू काय म्हणालास? "हो हो, पाऊस इकडेही नाही." पावसाचं मी नावही काढलं नव्हतं! कानाचं यंत्र देव्हाऱ्यात ठेवून त्याची पूजा करतोस का रे? म्हणून आता पत्रच लिहिते. ऐकू येत नसलं तरी वाचता येतं ना तुला, मास्तर होतास!

नागपूरचं घर बंद करून शार्दूलकडे राहायला आले त्याला वर्ष होत आलं. मुलगा चांगला आहे, सून भाग्यलक्ष्मीही वाईट नाही. चिकोडीकडची आहे, मराठी-कानडी दोन्ही बोलते. दोघंही ऑफिसच्या कामात बुडालेली. पण ही सून माझ्या ताटाकडे बघत असते, दादा. मी काय घेतलं, किती घेतलं, सगळं. आपल्या आईच्या घरी कधी कोणी कोणाचा घास मोजला होता का?

आणि आता तर तिने सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलेलं दिसतं. लिफ्टमध्ये कोणी भेटलं, की "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. वॉचमन तेच विचारतो, भाजीवाली तेच. खालच्या मजल्यावरच्या सरोजम्मा तर दारातच उभ्या असतात, "ऊट आयता, अक्का?" माझ्या जेवणाची यांना कायची पंचाईत? मी पण एक शब्द शिकून घेतला, "आयतु." म्हणजे झालं. तोंडावर फेकते आणि पुढे निघते.

खरं सांगू, माझं जेवण म्हणजे काय असतं? आपल्या घरची सवय, सगळ्यांचं झाल्यावर बसायचं. इथे सगळ्यांचं होतच नाही. भाग्यलक्ष्मी लवकर जेवते, शार्दूल उशिरा येतो. मग मी आपली चहा-टोस्ट खाते. भाग्यलक्ष्मी मला दोन्ही वेळचं दूध पेला भरून देते, ते मी पातेल्यात ओतून विरजते आणि तूप करते. घरात रवाळ तुपाच्या बरण्या आहेत, शार्दूल बोटाने चाटून खातो. या वयात एवढं तरी हातून होतं, बरं वाटतं.

आता मुद्द्याचं. हे शार्दूलला कळू देऊ नकोस. मला आईसारखं होऊन राहिलं आहे. नावं आठवत नाहीत. देवळातून येताना एकदा आपली गल्लीच ओळखू येईना. पायाला मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटते आणि मला पत्ताच नसतो. आई शेवटी मलाच विचारायची ना, "बाई, तुम्ही कोणाच्या?" शार्दूलला मी असं विचारलं तर तो कसं सोसेल रे? त्याआधीच मला इथून निघायचं आहे. तुझ्या घरामागे तो वृद्धाश्रम आहे ना, तिथे माझ्यासाठी खोली बघ. सगळं ठरलं की मी शार्दूलला सांगेन, नागपूरची आठवण येते म्हणून. तो ऐकेल.

तुझी,
कस्तुरी

•

प्रतापनगर, नागपूर
१९ जानेवारी २०२४

चि. कस्तुरीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कानाच्या यंत्राची पूजा नाही करत, त्याला बाराखडी शिकवून राहिलो आहे. शिट्टीच्या पुढे जात नाही.

आधी तुझी समजूत काढतो. विसरणं हे वयाचंच असतं. मी भूगोलाचा मास्तर, मला परवा तुंगभद्रेचं नाव आठवेना. म्हणून काय तुंगभद्रा आटली? मुंग्यांचंही तेच, थंडी आहे. सुनेच्या नजरेकडे लक्ष देऊ नकोस, आणि तिच्याशी भांडू पण नकोस.

माझं बघ. तुझी वहिनी गेल्यापासून मी एकटा, पण कोणाला ताप नाही. डबा लावला होता, त्यात तेलाचा तवंग, बंद केला. आता सकाळी चहा-खारी, दुपारी मुरमुरे, रात्री पुन्हा चहा-खारी. हलकं खाल्लं की माणूस हलका राहतो. तिखट तेवढं सोडावं लागलं, जीभ लालभडक होऊन चुरचुरते. आणि चालताना भिंत धरतो, पण त्याला कारण पायजमा आहे. शिंप्याने लांब शिवला.

वृद्धाश्रमात जाऊन आलो. स्वच्छ आहे, बायका भजनं म्हणतात. ते मला ऐकू येणार नाही हे चांगलंच. पूर्वेच्या बाजूला दोन खोल्या लागून आहेत, खिडकीबाहेर कडुनिंब आहे. पाडव्यानंतर मिळतील. नाव घालून ठेवलं आहे. शार्दूलला सांगत नाही, शब्द दिला.

तुझा,
दादा

•

बेंगळुरू
६ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
नमस्कार.

अक्षर वाकडं आलं तर समजून घे, पेन हातात ठरत नाही.

खोलीचं वाचून बरं वाटलं. पाडवा लांब आहे रे. आधी नाही का मिळणार?

काल लोणी कढवायला ठेवलं आणि विसरले. जळलेल्या वासाने भाग्यलक्ष्मी ऑफिसचं बोलणं अर्धवट टाकून धावत आली. घरभर धूर, कढई काळी ठिक्कर. तिने गॅस बंद केला, माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "आई, आता तुम्ही गॅसजवळ जायचं नाही." एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला दोन शब्द बोलता आले असते. दादा, ज्या बाईने उभा जन्म स्वयंपाकघरात काढला, तिला त्या ओट्यापासून लांब केलं. उरलं काय माझ्याकडे?

मग मी खोलीत येऊन बॅग भरली. दोन पातळं आणि आईचा तो फोटो. बॅग पलंगाखाली आहे.

भूकही लागत नाही आता. शार्दूलला सांगते भाग्यलक्ष्मीबरोबर जेवले, भाग्यलक्ष्मीला सांगते शार्दूलबरोबर जेवेन. दोघंही कामाची माणसं, त्यांना कशाला माझ्यासाठी ताटकळत ठेवायचं? सरोजम्मांना आयतु, आयतु.

लवकर कळव.

कस्तुरी

•

बेंगळुरू
२१ फेब्रुवारी २०२४

ती. मामांना,
भाग्यलक्ष्मीचा साष्टांग नमस्कार.

मामा, माझी शाळा कानडी, मराठी घरातलं. त्यामुळं लिहिणं स्वल्प कच्चं आहे. चुकलं तर लाल पेनानं दुरुस्त करा, पण रागावू नका. हे तुम्हाला फोनवर सांगून कळलं नसतं, आणि आईंचा हात अजून थरथरतोय.

आधी हे सांगते की आई ठीक आहेत. गेल्या आठवड्यात त्या जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवरनं पडल्या. हाड मोडलं नाही. सरोजम्मांच्या दारासमोरच पडल्या. त्यांनी उठवून बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांच्या तोंडातनं सवयीनं आलं, "ऊट आयता, अक्का?" आई नेहमी आयतु म्हणतात. त्या दिवशी म्हणाल्या, "इल्ला." नाही झालं. आणि लहान मुलासारख्या रडायला लागल्या. सरोजम्मांनी मला फोन केला तेव्हा पडल्याचं नंतर सांगितलं. पहिल्यांदा म्हणाल्या, "तुझी अत्ते, म्हणजे सासू, उपाशी आहे."

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चिमट्यासारखं काहीतरी वाजवून आईंच्या अंगठ्याला लावलं. ते थरथरत होतं, आईंना काही कळत नव्हतं. मग डॉक्टरांनी आम्हा दोघांना विचारलं, "ह्या दिवसभरात काय खातात?" मामा, शार्दूलनं माझ्याकडं बघितलं आणि मी शार्दूलकडं. तो समजत होता माझ्याबरोबर जेवतात, मी समजत होते त्याच्याबरोबर. मला जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं झालं.

मला संशय होता. म्हणून मी ताटाकडं बघायची. आई वाळत चालल्यात हे दिसत होतं, पण विचारायला जीभ रेटली नाही. सून सासूच्या खाण्यावर बोलली, असं कोण तरी म्हणेल म्हणून भ्याले. नुसतं बघून काय होतं? दूध देत होते, पेला रिकामा दिसला की मला बरं वाटायचं. ते सगळं दूध तूप होऊन आमच्याच पोटात गेलं. आम्ही दोघं गुबगुबीत आणि आई काडीसारख्या.

रक्त तपासलं. बी-बारा व्हिटॅमिन जवळजवळ नाहीच, डी पण फार कमी. डॉक्टर म्हणाले, शाकाहारी माणसाला बी-बारा मुख्य दूध-दह्यातनंच मिळतं. ते बंद झालं, वरनं आई वर्षानुवर्षं पित्ताची गोळी घेतात, आणि वय झालं की पोट ते नीट ओढून घेत नाही. त्यानं पाय बधिर होतात, तोल जातो, विसरायला होतं. प्रत्येक विसरणं यातलं नसतं म्हणाले, पण हे भरून काढल्याशिवाय आईंच्या विसरण्याला दुसऱ्या आजाराचं नाव द्यायचं नाही. इंजेक्शनं सुरू केलीत.

मामा, पलंगाखालची बॅग मी बघितली. उघडली नाही. आईंनी पडल्यावर सगळं सांगितलं, नागपूरच्या खोलीचं पण. त्यांना जायचंच असेल तर मी अडवणार नाही. पण इंजेक्शनं होईपर्यंत तरी थांबू देत. आणि थांबल्या तर मला फार आवडेल. हे मी त्यांना तोंडावर बोलू शकत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

एक विचारू? तुम्ही दोघं एकाच घरात वाढलात. मामा, तुमचं ऊट आयता?

तुमची,
भाग्यलक्ष्मी

•

नागपूर
२ मार्च २०२४

चि. सौ. भाग्यलक्ष्मीस आशीर्वाद.

तुझ्या मराठीत लाल पेनाला काम निघालं नाही. पुष्कळ मार्क दिले आहेत.

कस्तुरीचं दोनदा वाचलं. मीच तिला लिहिलं होतं, वयाचं आहे म्हणून. बरं झालं तुम्ही माझं ऐकलं नाही. तिला कुठेही पाठवू नका, मी सांगतो म्हणून. तू तिच्यासाठी जे केलंस त्याला माझ्याकडे शब्द नाही, आणि मी जन्मभर शब्दांचंच खाल्लं आहे.

माझी काळजी करू नकोस. माझं व्यवस्थित आहे. आयतु.

तुझा,
मामा

•

बेंगळुरू
२० मार्च २०२४

ती. दादास,
कस्तुरीचा नमस्कार.

अक्षर बघितलंस? ओळीवर आहे!

कुठून सुरुवात करू? आधी स्वतःच्या थोबाडीत मारून घेते. ते "ऊट आयता" आहे ना, ती इथली रामराम करायची पद्धत आहे रे! सगळे सगळ्यांना विचारतात. भाग्यलक्ष्मीने कोणाला काही सांगितलं नव्हतं. मी बिचारीच्या नावाने वर्षभर मनात खडे फोडले. तिला हे सांगितलं तर ती हसता हसता ओट्यालाच टेकली. मग म्हणाली, "आई, पण उत्तर खरं द्यायचं असतं हं. इल्ला म्हटलं, की आमच्याकडं पाट मांडतात."

आता घरात नवा कायदा आहे. माझं ताट पहिलं वाढतात. पहिल्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरेना. आम्ही बायका कधी पहिल्या बसलोय का? भाग्यलक्ष्मी समोर बसली, म्हणाली, "तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवत नाही." आणि खरंच बसून राहिली. ऑफिसचा फोन वाजून वाजून थांबला. मग काय करते, जेवले. शार्दूलही आता वेळेवर घरी येतो. नाही आला तर बायको त्याला बघून घेते.

डॉक्टर म्हणाले अंडं खा. मी म्हटलं, मला पुन्हा पाडा जिन्यावरून! मग दूध, दही, पनीर आणि इंजेक्शन यावर तडजोड झाली. पेला माझ्या हातात देऊन भाग्यलक्ष्मी गप्पा मारत उभी राहते. ती पहारा देते हे मला कळतं, आणि मला कळतं हे तिलाही कळतं. सकाळी सरोजम्मा मला गच्चीवर उन्हात बसायला नेतात. त्यांनी एकदा नाचणीचा मुद्दा, म्हणजे पिठाचा उकडलेला गोळा, खायला घातला. तो चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा. मी चावत बसले तर साऱ्या घराची करमणूक झाली. इतकं प्रेम मी कुठून कमावलं रे दादा? या बाईला मी दारातून झटकून टाकत होते.

मुंग्या अजून आहेत. डॉक्टर म्हणतात त्या सावकाश जातील, थोड्या राहतीलही. राहू देत. पण डोक्यातलं धुकं हटलं. काल देवळातून एकटी आले, आणि गल्ली आपण होऊन समोर आली. घरी येऊन आईच्या फोटोसमोर बसले. तिलाही असंच काही असेल का रे? तीही सगळ्यांच्या मागून जेवायची. तेव्हा कोणी तपासलं नाही. आता कळायला मार्ग नाही. खूप रडले.

मग तुझं जानेवारीतलं पत्र काढून पुन्हा वाचलं. जीभ लाल. चहा-खारी, मुरमुरे. भिंत धरून चालणं. पायजमा लांब! दादा, तुझे पायजमे जन्मभर घोट्याच्या वर असतात, वर्गातली मुलं हसायची त्याला. कोणाला फसवतोस? पत्र मिळताच रक्त तपासून घे. नाही घेतलंस तर मी नागपूरला येऊन तुझ्या दारात बसेन, आणि आता माझ्या अंगात तेवढं बळ आहे. शार्दूलला सांगून ठेवलं आहे. तो येतोय पुढच्या शनिवारी, दार उघड. बेल ऐकू यायची नाही तुला, ते यंत्र घाल.

आणि ती वृद्धाश्रमातली खोली सोडून दे. माझी बॅग माळ्यावर गेली.

तुझी,
कस्तुरी

•

नागपूर
१२ एप्रिल २०२४

चि. सौ. भाग्यलक्ष्मीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र कस्तुरीला नाही, तुला लिहितो आहे. तिला वाचून दाखव, म्हणजे रागावण्याआधी ती निदान शेवटापर्यंत ऐकेल.

शार्दूल आला. मी यंत्र घालून दार उघडलं. त्याने माझ्याकडे बघितलं, स्वयंपाकघरात गेला, डबे उघडून बघितले. मुरमुरे आणि खारी. बाहेर आला आणि माझ्या पायाशी बसला. मग मला हात धरून तपासायला घेऊन गेला. जे तिचं तेच माझं निघालं. इंजेक्शनं चालू आहेत. जिभेची आग थांबली, काल चिमूटभर ठेचा खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी आलं. सगळं ठेच्याचं नव्हतं.

आता ऐक. वृद्धाश्रमात नाव घालून ठेवलं असं मी कस्तुरीला लिहिलं होतं. ते नाव माझं होतं. तिचं पत्र यायच्या आधीच मी तिथे दोनदा जाऊन आलो होतो. मलाही वाटून राहिलं होतं, की मी आईच्या वाटेने निघालो. रस्त्यात उभा राहून कुठे चाललो होतो ते आठवायचं नाही. कोणाला सांगू? मग कस्तुरीचं पत्र आलं आणि मी लगेच शेजारची दुसरी खोली मागितली. वाटलं, दोघं भावंडं भिंतीला भिंत लावून राहू. एक विसरला तर दुसरा नाव सांगेल. दोघंही विसरलो, तर कोणाला दुःख नाही. असा हा भूगोलाच्या मास्तराचा हिशेब होता, बाळ. दोघांनाही पोटभर जेवायला हवं होतं, ते सुचलं नाही.

दोन्ही खोल्या सोडल्या. तिथल्या बाईंनी विचारलं, काय झालं? म्हटलं, बेंगळुरूला एका मुलीने एक प्रश्न विचारला, त्यात बेत मोडला.

तू विचारलंस तेव्हा दोन वर्षांत मला कोणी ते विचारलं नव्हतं. तुझी मामी होती तेव्हा ती रोज विचारायची, आणि मी पेपरातून डोकं वर न काढता हो म्हणायचो. खरं लिहायला पेन उचललं, आणि आयतु लिहून पाकीट बंद केलं. तुझ्या माघारी तुझी क्षमा मागत होतो, आता समोर मागतो.

इंजेक्शनांचा पहिला टप्पा इथे पुरा झाला, पुढची तिकडे घ्यायला डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे. शार्दूलने पुढच्या सोमवारच्या, २२ तारखेच्या गाडीचं ठरवून दिलं आहे. महिनाभर राहीन म्हणतो, तुम्ही कंटाळलात तर तोंडावर सांगा, मोठ्याने सांगा. सरोजम्मांना कळव, मुद्दा न चावता गिळणारा माणूस येतो आहे.

आणि तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर बदलून घे. इल्ला, बाळ. नाही झालं माझं जेवण. माझंही ताट वाढ.

तुझा,
मामा